आईच्या वतीने बोलणारा दिवा

जिन्यापासून दारापर्यंत चपलांचा खच पडला होता. आतल्या खोलीत एरवी आईचा पलंग, औषधांचं कपाट आणि एक खुर्ची एवढंच मावायचं. तिथे आज वीस-बावीस माणसं अंग चोरून उभी होती आणि सगळ्यांचे डोळे पलंगाच्या उशाशी ठेवलेल्या दिव्यावर खिळले होते. आईकडे कुणी बघत नव्हतं.

"काकू, दुकान कोपऱ्यावरच्या गाळ्यात हलवू का?" खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाईंनी मोठ्याने विचारलं.

दोनेक सेकंद गेले आणि पांढरा दिवा निळा झाला. निळा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. खोलीत सुस्कारे सुटले, कुणाचे तरी डोळे भरून आले. शिवणवाल्या बाईंना गाळा आधीपासूनच आवडला होता, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं, पण तो मुद्दा कुणाच्या डोक्यात आला नाही.

आईला झटका येऊन तीन महिने होत आले होते. हात, पाय, मान, जीभ, सगळं गेलं. पापण्यासुद्धा त्यांच्याच मर्जीने लवायच्या, तिच्या नव्हे. डॉक्टरांनी मात्र बजावून सांगितलं होतं की तिला सगळं ऐकू येतं, दिसतं, समजतं. फक्त बाहेर काही काढता येत नाही. नेमकं हेच ऐकून दीपगुरू नावाचा माणूस घरात शिरला. त्याने आईच्या मनगटात तांब्याचं कडं अडकवलं, उशाशी जाड बैठकीचा दिवा ठेवला आणि पाठ केलेलं भाषण ठोकलं. मनातली लहर कड्यात, कड्यातून अवकाशात, अवकाशातून दिव्यात. विज्ञान म्हणे आत्ता कुठे इथवर पोचतंय. प्रश्न मोठ्याने विचारायचा, कुजबुज केली की लहर फाटते. प्रश्न हो-नाहीचाच हवा. आणि घराची लहर शुद्ध करायला वायफायचा पासवर्ड द्यायचा. तोही आईच्या मुलाने, दादाने, मुकाट्याने दिला.

दाराशी खांद्याला अवजारांची पिशवी अडकवून आईची मुलगी हे सगळं बघत उभी होती. दुसऱ्या गावातलं महिनाभराचं काम संपवून ती नुकतीच आली होती. फोनवर दादाने आई बोलायला लागली म्हणून सांगितलं, तेव्हा ती रस्त्यात उभी राहून रडली होती. आता तिला त्या रडण्याचाच राग आला.

गिऱ्हाइकं तिला 'वायरवाली' म्हणायची, आणि ते कौतुकाने नव्हे. लोकांच्या घरात दिवे, पडदे, पंखे, कुलपं आपोआप चालतील अशी व्यवस्था ती बसवून द्यायची. त्या व्यवस्थेचा मेंदू म्हणजे एक छोटी पेटी, आणि ती त्याच घरात, कपाटावर ठेवलेली. लोक दुकानातून चकचकीत वस्तू घेऊन यायचे. ही बया एकेक वस्तू पेटीला जोडायची आणि मग राऊटरची बाहेर जाणारी वायर सरळ उपटायची. तरीही जी वस्तू ऐकते ती ठेवायची, जी मुकी होते ती खोक्यात घालून परत. एकाचं महागडं कुलूप तिने असंच नाकारलं होतं. आपल्याच घराचं दार उघडायला ते कुठल्या तरी कंपनीची परवानगी मागत होतं. गिऱ्हाईक फणफणलं, पण वायरवाली अशा बाबतीत कुणाची भीड ठेवत नसे.

गर्दी पांगल्यावर तिचं लक्ष भिंतीवरच्या तक्त्याकडे गेलं. आईचे हात-पाय हलवून व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई रोज त्यावर खूण करायच्या. बारा दिवसांचे चौकोन कोरे होते.

"आईलाच नको आहेत त्या," दादा म्हणाला. "आम्ही विचारलं. दिवा लाल झाला. ती आता शांत आहे, तिला छळायचं नाही."

डॉक्टर म्हणाले होते की जे काही परत यायचं ते बहुतेक याच महिन्यांत येईल, याची तिने आठवण करून दिली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"तुम्ही लांबून फोन करणार आणि अंथरूण आम्ही बदलायचं. आता त्या स्वतः बोलतात तर तेही तुमच्या डोळ्यांवर येतं."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. पण दुसरं तिला गिळता येईना.

सकाळी तिने राऊटरची बाहेरची वायर उपटली आणि दिव्याला मोठ्याने विचारलं, "आई, मी आल्याचं बरं वाटलं का?" दिवा पांढराच राहिला. पुन्हा विचारलं, तरी पांढराच. चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, "तुमच्याशी नसेल बोलायचं त्यांना." हे वर्मी लागलं. क्षणभर तिलाही वाटलं की असेल तसं. मग तिने वायर परत खोचली, तोच प्रश्न तसाच विचारला, आणि दोन सेकंदांत दिवा निळा झाला. आईचं प्रेम वायरीतून येत होतं तर.

तिने फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन लावला. त्या आधी बोलायलाच तयार नव्हत्या, फार अपमान झाला होता. शेवटी म्हणाल्या की डाव्या हाताचं पहिलं बोट थोडं हलायला लागलं होतं. हाताखाली बटण देऊन बघू, असं त्या दीपगुरूंच्या देखत बोलून गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी दिव्याने त्यांना घराबाहेर काढलं. वायरवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या दिवशी आई स्वतः हो-नाही म्हणेल, त्या दिवशी या माणसाचं दुकान बंद होणार होतं. म्हणून तो तिचं बोट वाळवत होता.

संध्याकाळी पुन्हा दरबार भरला. दीपगुरू आपल्या खुर्चीत, दादा त्याच्या शेजारी. वायरवालीने आईला चष्मा चढवला, पलंगासमोर उभी राहिली आणि हातातली वस्तू आईच्या डोळ्यांपुढे धरली.

"आई, नीट बघ. माझ्या हातात कात्री आहे ना?"

दिवा निळा झाला.

शिवणवाल्या बाईंचा आयुष्यभर कात्रीशी संबंध. त्या पटकन बोलून गेल्या, "कात्री कुठाय? चमचा आहे तो."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दीपगुरूने डोळे मिटून सांगितलं की माऊली देहाच्या डोळ्यांनी बघतच नाहीत. वायरवालीने कंगवा धरला आणि ही किल्ली आहे का म्हणून विचारलं. निळा. तिने रिकामा हात पुढे केला आणि फूल आवडलं का विचारलं. त्यावरही निळा. आता कुणी हसलं नाही.

"ऐकणाऱ्याला दिसत नाहीये," ती म्हणाली. "जो दिवा चालवतोय त्याला फक्त माझा आवाज जातोय. माझी आई आंधळी नाही."

तिने पिशवीतून स्क्रू काढायचं अवजार घेतलं. दीपगुरू उठला, दिव्याला हात लावलात तर लहर उलटेल म्हणाला. शिवणवाल्या बाई त्याच्या आणि दिव्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या; गाळ्याचं आगाऊ भाडं त्या दुपारीच देऊन आल्या होत्या. जाड बैठक उघडली. आत बोटाच्या पेराएवढा माईक आणि एक छोटी सर्किटची पट्टी होती. वर होता तो बाजारात कुठेही मिळणारा, फोनवरून रंग बदलणारा बल्ब. कड्याला तर कसलीच वायर नव्हती. प्रश्न माईकमधून घराच्या वायफायवर, तिथून बाहेर दीपगुरूच्या केंद्रावर जायचा, हे तिने सगळ्यांना उलगडून सांगितलं. तिथे कानाला हेडफोन लावून बसलेला कुणीतरी फोनवर निळं नाहीतर लाल दाबायचा. लहर अवकाशातून जाते, एवढं एकच वाक्य हा माणूस खरं बोलला होता, तेही चुकून.

"ही श्रद्धेची खोली होती," दीपगुरू दारातून म्हणाला. "तुम्ही तिची प्रयोगशाळा केलीत." आणि दिवा तिथेच टाकून गेला. लोकही एकेक करून निघाले. निम्म्यांना त्याचा राग आला होता आणि निम्म्यांना हिचा.

दादा मात्र हलला नाही.

"झालं तुझं समाधान?" तो म्हणाला. "त्या सकाळी आई म्हणाली, हात बधिर झालाय. मी म्हणालो, जरा पड, मला कामावर जायचंय. संध्याकाळी दवाखान्यात नेलं. मी दिव्याला विचारलं होतं, आई, मला माफ केलंस का? निळा झाला होता तो. आज तू तेही घेतलंस."

तिला त्याची दया आली आणि संतापही आला. त्याच्या मनाच्या शांतीसाठी आईचा हात बारा दिवस पडून राहिला होता. तिने पिशवीतून आपली छोटी पेटी आणि एक मोठं, हलक्या दाबाचं बटण काढलं. बटण फक्त त्या पेटीशी बोलणारं होतं, आणि पेटीवर साधी घंटा. दादासमोर तिने राऊटरची वायर उपटून त्याच्या हातात दिली आणि आईचं डावं बोट बटणावर ठेवलं. एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. मग तिने पुन्हा चमचा धरला. आपल्या वस्तूलाही तीच परीक्षा लावायला हवी होती.

"आई, ही कात्री आहे का?"

मिनिट गेलं. बोट थरथरत राहिलं. वहिनी काही बोलणार, तेवढ्यात घंटा वाजली. बऱ्याच वेळाने दुसऱ्यांदा वाजली.

"चमचा आहे का?" एकदा.

"आई, व्यायाम पुन्हा सुरू करायचा? दुखेल तुला."

एकदा. तीही लगेच, वाट बघत असल्यासारखी. वहिनींनी पदराने तोंड दाबलं आणि त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

दादाने वायर खाली ठेवली. तो आईच्या तोंडाजवळ वाकला आणि इतक्या हळू बोलला की कुठल्याही माईकला ऐकू गेलं नसतं.

"आई, मला माफ केलंस?"

घंटा वाजली. दादाने डोळे मिटले. तो सुटकेचा श्वास सोडतोय तोच बोट पुन्हा हललं, आणि घंटा दुसऱ्यांदा वाजली.

तो तसाच वाकलेला राहिला. वायरवाली समजूत घालायला पुढे झाली नाही. पण एक गोष्ट पलंगाभोवतीच्या तिघांनाही लख्ख कळली होती. त्या दिव्याने ज्याला जे हवं तेच आजवर दिलं होतं. समोरच्याला नको असलेलं 'नाही' म्हणायला तिथे खरं माणूस असावं लागतं.

तुमच्या घरातही कुणी मुक्याच्या वतीने, मेलेल्याच्या वतीने किंवा देवाच्या वतीने बोलायला आलं, तर त्याच्या पाया पडण्याआधी एक चमचा धरा आणि कात्री म्हणा. उत्तर कुठून येतंय ते शोधा, वायर दिसली तर उपटा. आणि जे उत्तर खरं निघेल, ते कडू असलं तरी ऐकायची तयारी ठेवा.

दादाने ती तयारी कुठून आणली कोण जाणे. त्याने डोळे पुसले, खुर्ची पलंगाजवळ ओढली, आईचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि बहिणीला विचारलं, "बोटं कशी वाकवायच्या त्या बाई? दाखव मला."