एक्केचाळिसावी पिवळी टोपी

मी पिवळी टोपी बोलतेय. हो, तीच, सहलीच्या कंपन्या सगळ्यांच्या डोक्यावर चढवतात ती! सुंदर दिसते असं कोणी म्हणत नाही, पण लांबून दिसते हे मात्र खरं. कारखान्यात आम्ही चारशे बहिणी एकाच दिवशी जन्मलो. घाईघाईत माझी पुढची झडप तिरकी शिवली गेली, त्यामुळे मी कायम एका बाजूला बघत असते.

परदेश सहलीच्या खोक्यात आम्ही एक्केचाळीस जणी होतो. वीस जोडपी आणि एक बाई. मी त्या बाईंच्या वाट्याला आले. चौतीस वर्षं त्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. निघताना लेकीने बजावलं होतं, "आई, एकटी जातेयस ना, जा. पण टोपी काढायची नाही. आणि एक जरी गडबड झाली, तर ही तुझी शेवटची सहल!"

"बरं गं बाई," सिस्टर म्हणाल्या.

जोडप्यांच्या घोळक्यात एकट्या माणसाची पंचाईतच. बसमध्ये शेजारची सीट रिकामी, जेवायला टेबलं चौघांची. फोटो काढून द्यायला मात्र सगळ्यांना सिस्टरच हव्या! तीन दिवसांत त्यांचा स्वतःचा एक फोटो निघाला असेल तर शपथ. मागच्या सीटवरच्या काकांना वळणावर मळमळायचं. सिस्टर मागे न बघता हात लांबवून त्यांना पेपरमिंटची गोळी द्यायच्या. ओळख काय ती तेवढीच.

आता माझा पराक्रम ऐका. आमचा गाइड माणसं मोजत नसे, टोप्या मोजायचा. बसच्या तोंडाशी उभं राहून पिवळं पिवळं मोजलं, "एक्केचाळीस, चला!" की झालं. चौथ्या दिवशी एका चौकात बस थांबली. सिस्टर नातीला पत्र टाकायला पोस्टात निघाल्या. फोन चार्जिंगला लावला, आणि जागा धरायची सवय जाते थोडीच? रुमाल टाकावा तसं मला सीटच्या पाठीवर अडकवून गेल्या. पोस्टात ही रांग! इकडे गाइडने मोजल्या, एक्केचाळीस भरल्या आणि बस सुटली.

मी किती ओरडले! पण टोपीचं ऐकतो कोण? फोन माझ्या शेजारी, गाइडचा नंबर माझ्याच आत छापलेला, आणि सिस्टर तिकडे!

अर्ध्या तासाने घाट लागला. काकांनी सवयीने हात पुढे केला. गोळी काही येईना. "सिस्टर, अहो गोळी!" म्हणत ते उठले आणि बघतात तर काय! "थांबवा! टोपी आहे, बाई नाहीत!"

गाइडचा चेहरा पांढराफटक पडला. बस उलटी फिरली.

बस उभी होती तिथल्याच बाकावर सिस्टर ताठ बसलेल्या. "आलात? मला वाटलं, हरवलात की काय!" सगळे हसत सुटले. काकांनी मला त्यांच्या डोक्यावर ठेवलं, तेव्हा मला खरं काय ते कळलं. जन्मभर दुसऱ्यांची नाडी बघणाऱ्या बाईची कानशिलं नुसती धडधडत होती. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

"घरी कोणी कळवायचं नाही," काकांनी सगळ्यांना दम भरला. लेकीची अट एव्हाना बसभर झाली होती. पण संध्याकाळी जेवताना सिस्टरांनीच लेकीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"आज बस मला सोडून गेली. तासभर परक्या गावात एकटी होते, फोनसुद्धा नव्हता."

टेबलावरचे चमचे थांबले.

"मग काय केलंस?"

"घाबरले गं. पण जागची हलले नाही. येतील म्हटलं, आणि आले."

"आणि टोपी?"

"सीटवर होती."

लेक म्हणाली, "पुढच्या वेळी डोक्यावर ठेव."

पुढच्या वेळी! काकांनी टाळ्याच वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांच्या शेजारी बसायला भांडणं, आणि गाइड नावं घेऊन हजेरी घेऊ लागला.

आता मी त्यांच्या दारामागच्या खुंटीवर असते. रंग उडालाय, झडप अजून तिरकीच. या खेपेच्या कंपनीने निळी टोपी दिलीय, पण ती बिचारी बॅगेत पडून आहे. तुमच्या सहलीत कोणी एकटं आलं असेल, तर बाबांनो, टोप्या मोजू नका, शेजारी जाऊन बसा. थांबा हं, सिस्टरांचा हात खुंटीकडे येतोय. चला, मी डोक्यावर चढते!