चित्रांच्या पुस्तकाचा पंचनामा

माजी पोलीस पाटील बन्सीधर यांना पुस्तकांचं भय कधी वाटलं नव्हतं. वाचायचाच प्रसंग आला नव्हता. पण परमेश्वर गिरणीवाल्यानं सोनपेठच्या बाजारातून आणून दिलेलं पार्सल त्यांना फोडताक्षणी खटकलं.

पुण्याहून लेकानं, बालाजीनं, नातीसाठी चित्रांचं पुस्तक धाडलं होतं. वाढदिवस नाही, सण नाही. पाच वर्षांची रोहिणी दुधाचे दात यायच्या आधीपासून आजी-आजोबांकडे वाढत होती, आणि आजवर पुण्याहून आले ते फ्रॉक, तेही आखूड. मग आत्ताच, ऐन मे महिन्यात, पुस्तक कशाला?

पाटलांनी चष्मा पुसला आणि तपास सुरू केला. विषय : शहर आणि उलट गोष्टी. 'वर' म्हणजे बाराव्या मजल्यावर उभी मुलगी, 'खाली' म्हणजे खुर्चीत पेंगणारा वॉचमन. 'भरलेलं' म्हणजे बस, 'रिकामं' म्हणजे मैदान. पुण्यात रिकामं मैदान? इथंच पाटलांनी खोट पकडली. आणि पानापानावर तीच ती मुलगी. दोन वेण्या, लाल दप्तर, हसरी. हुलिया रोहिणीशी तंतोतंत जुळत होता.

लेकराला फितवायचा डाव होता. जूनमध्ये घेऊन जाणार, आणि आपल्याला शेवटी कळवणार.

पाटीलकीच्या तीस वर्षांत जमादाराशेजारी बसून त्यांनी पंचनामे पाहिले होते. त्यांनी फुलस्केप कागद काढला.

"पाटील, लेकराच्या पुस्तकाचा पंचनामा करायलाव तुमी?" परमेश्वर म्हणाला.

"तू पंच नंबर एक. सही कर."

परमेश्वरनं न वाचता सही ठोकली. पंच म्हणून त्याचा लौकिकच तसा होता.

"आता तू," पाटलांनी कागद बायकोपुढं, कुसुमबाईंपुढं सरकवला.

"माझे हात पिठाचे हायत."

"धू."

"चष्मा न्हाई."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. पाटलांनी पेन खाली ठेवलं. जो पंच सहीला का-कू करतो, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. हा अनुभव कधी खोटा ठरला नव्हता.

"कवा कळलं तुला?"

"होळीला." कुसुमबाई परातीत बघत म्हणाल्या. "जूनपासून शाळा हाय तिची तिकडं. सूनबाई फोनवर म्हनली, आई, लेकरू बुजंल, काय करू? मीच म्हनले, चित्राचं पुस्तक धाड."

"म्हंजी कट घरातच शिजला."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी शाळेचाच पंचनामा केला असता."

परमेश्वरला गिरणी चालू राहिल्याचं अचानक आठवलं आणि तो निघाला.

पाटलांनी पुस्तक फडक्यात गुंडाळलं, सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतली आणि मुद्देमाल ट्रंकेत ठेवला.

सांज झाली. ओट्यावर रोहिणी शेळीला धडा देत होती. पुस्तक जप्त झालं तरी तोवर आबांच्या खांद्यावरून बघत तिनं ते पाठ केलं होतं. "वर, खाली. भरलेलं, रिकामं. गोंगाट, शांत. जाणं..." ती अडली. शेळीनंही मदत केली नाही.

"आबा, जाण्याच्या उल्टं काय?"

पाटलांना ठाऊक होतं. सकाळपासून पुस्तक त्यांनी अकरा वेळा तपासलं होतं.

"मुद्देमाल बघितल्याबिगर सांगता येत न्हाई," ते म्हणाले.

सील पंचांसमक्षच फोडायचं असतं. कुसुमबाई भाकरी टाकून आल्या, आणि या वेळी हात न धुताच त्यांनी सही केली. कागदाच्या कोपऱ्यात ज्वारीच्या पिठाचा अंगठा उमटला.

पान चौदा. डावीकडे लाल बस चाललेली, खिडकीत दोन वेण्या. उजवीकडे तीच बस येताना, त्याच वेण्या.

"येणं!" रोहिणी ओरडली.

"दमानं. ह्या बशीला पाटीच न्हाई," पाटील संशयानं म्हणाले. "कुठून आली, कुठं चालली, काय भरवसा?"

मुद्देमालात फेरफार हा गुन्हा आहे, हे त्यांनी गावाला तीस वर्षं बजावलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, येणाऱ्या बसच्या कपाळावर ठसठशीत अक्षरात 'सोनपेठ' लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

जाणाऱ्या बसची पाटी त्यांनी कोरीच ठेवली.