हा प्रेस दोनदा मारतो

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. दोन्ही. बोटं पाठीमागे एकमेकांत गुंफा आणि तशीच ठेवा. हं, आता बोलतो.

मी एक जुना पॉवर प्रेस आहे. कारखान्यात पत्र्याला आकार देणारं यंत्र, त्रेसष्ट टन जोराचं. म्हणजे माझं डोकं खाली आलं की पंधरा हत्तींनी एकदम पाय आपटला असं समजा. डोक्याखाली साचा असतो. साच्यावर पत्रा ठेवायचा, दोन हिरवी बटणं दोन हातांनी दाबायची, की धाड! पत्र्याचा कंस, म्हणजे ब्रॅकेट, तयार. तो काढायचा, नवा पत्रा ठेवायचा, पुन्हा धाड! तासाला चारशे वेळा. मारणं हेच माझं काम. दुसरं काही मला कुणी शिकवलंच नाही.

माझा जन्म पोलंडमधला, आणि तोही मारातूनच. भट्टीतून लालभडक ओतलं, थंड झाल्यावर छिन्नी-हातोड्यांनी ठोकून ठोकून घडवलं. छातीवर पोलिश भाषेत कोरलेल्या पितळी पट्ट्या बसवल्या. तिथे मारेक नावाचा माणूस मला चालवायचा. तो मला तेल घालायचा, पुसायचा आणि चौकटीच्या एका वहीत रोज माझ्याबद्दल चार ओळी लिहायचा. एके दिवशी मी त्याचा उजवा हात चिरडला.

मला तसं करायचं नव्हतं. पण लोखंडाला माफी मागता येत नाही.

बरा होऊन तो परत आला. वहीत आणखी काही पानं लिहिली आणि ती वही माझ्या पोटात, विजेच्या पेटीमागे खोचून ठेवली. पुढे तो कारखाना बंद पडला. मला विकलं. जहाजातून, मग ट्रेलरवरून मी पुण्याजवळच्या तळवड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडलो.

इथे माझं नाव पडलं ‘पोलंड’. “आज पोलंडला कोण जाणार?” असं कुणी विचारलं की ज्याची पाळी असेल तो म्हणायचा, “आपणच की भावा, डबा घेऊन निघालो.” सगळे हसायचे. दरवर्षी शेड रंगवताना माझ्या पितळी पट्ट्यांवरही हिरवा रंग फासला जायचा. त्या वाचता येणारं कुणी नव्हतंच. अकरा वर्षं माझ्याशी कुणी माझ्या भाषेत एक शब्द बोललं नाही.

आता बटणांचं सांगतो, नीट ऐका. बटणं दोन का? तर दोन्ही हात माझ्या तोंडाबाहेर राहावेत म्हणून. पण त्यात वेळ जातो. आमच्या शेडमध्ये एक रीत पडली होती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घ्यायचा आणि एक बटण कायमचं दाबून बांधून टाकायचं. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. माल भराभर निघतो. नवीन माणूस आला की त्याला काम शिकवायच्या आधी रबर बांधायला शिकवत.

प्रितम माझा सगळ्यांत चांगला कारागीर. ऑगस्टातल्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, मी खाली आलो आणि वर गेलो. कंस काढायला त्यानं उजवा हात आत घातला. आणि दुसरं बटण कुणी दाबलेलं नसताना मी पुन्हा खाली आलो.

आवाज पत्र्याचा येतो तसाच आला. त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. किंकाळी नंतर ऐकू आली. रक्त साच्याच्या खाचांमधून तेलासारखं वाहत खाली टपकलं. सुपरवायझर रोहिदासनं दोन बोटं बर्फाच्या पिशवीत घातली. तिसरं सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेकॅनिक आला. त्यानं मला वीस वेळा चालवलं. वीसही वेळा मी शहाण्यासारखा वागलो. कागदावर लिहिलं गेलं : यंत्रात दोष नाही, बटणाला रबर बांधलेलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा. प्रितमलाही ते पटलं. “डोळा लागला असेल माझा,” असं तो सगळ्यांना सांगू लागला.

शेडचे मालक प्रभाकर साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी प्रितमच्या बायकोला, दीक्षाला, तयार माल तपासायच्या टेबलावर घेतलं, आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. माझ्यासमोरच्या स्टुलावर आळंदीकडची जाईबाई बसू लागली. पन्नाशीची, हातभर हिरव्या बांगड्या, आणि हाताला कमालीचा वेग.

दीक्षा बी.कॉम. झालेली, तीन वर्षांच्या सोनूची आई. ती फार बोलायची नाही, पण तिचं लक्ष सगळीकडे. जेवणाच्या सुट्टीत जाईबाई हात धुऊन आली की दीक्षा नजरेनंच तिची बोटं मोजायची. दहा भरली की मग स्वतःचा डबा उघडायची.

“काय गं, माज्या अंगठीवर डोळा हाय व्हय तुजा?” जाईबाई विचारायची.

“नाही हो मावशी. बोटांवर आहे.”

खंडेनवमीला आम्हा यंत्रांना सुट्टी. त्या दिवशी आमची दारं उघडून आतला कचरा काढतात, झेंडूचे हार घालतात, कुंकू लावतात. ज्यानं बोटं खाल्ली त्यालाही हार. दीक्षा माझं पोट पुसत होती, तेव्हा तिच्या हाताला मारेकची वही लागली.

एक अक्षर कळत नसताना तिनं पानं उलटली. पहिली चाळीस पानं सरळ, वळणदार. मग एक कोरं पान. त्याच्यापुढे अक्षर एकदम बदललेलं : मोठं, कापरं, भलतीकडे कलणारं. दीक्षा तिथेच उकिडवी बसून राहिली. तसलं अक्षर ती रोज बघत होती. घरी प्रितम सोनूच्या पाटीवर डाव्या हातानं स्वतःची सही गिरवायचा.

“रोहिदासभाऊ,” ती म्हणाली, “ह्या मशीननं आधीपण हात खाल्लाय.”

“कुणी सांगितलं?”

“ह्या वहीनं.”

“पोलिश वाचता येतं वाटतं तुला? ठेव ती परत, नारळ फोडायचाय.”

तिनं ती परत ठेवली नाही. डब्याच्या पिशवीत घालून घरी नेली. फोनसमोर धरली, तर तेलानं माखलेलं ते अक्षर वाचून फोन म्हणाला, ‘आजी गुरुवारी कोबी दोनदा.’ भाषांतर करून देणाऱ्या एका ऑफिसला फोटो पाठवले. अक्षर लागत नाही, असं उत्तर आलं. तेव्हा तिनं ठरवलं, ज्या भाषेत हा माणूस कळवळून काहीतरी सांगतोय, ती भाषा आपणच शिकायची.

मित्रांनो, खरं सांगतो, मला हसू आलं होतं. माझी भाषा अवघड. पण चिंचवड स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून तिनं पोलिश शिकायच्या सरावपुस्तकाची प्रत काढून आणली. स्वयंपाक करताना फोनवर धडे लावायची. फोनमधली बाई बोलायची, दीक्षा मागून म्हणायची, सोनू तिच्याही मागून. “जेन दोब्री,” म्हणजे नमस्कार, हे सोनू आधी शिकली. ती दूधवाल्यालाही जेन दोब्री म्हणू लागली. शेडच्या गेटवर फोन जमा करावे लागत, म्हणून दुपारी दीक्षा माझ्या पाठीमागे लाकडी पाटावर बसून फक्त पुस्तक उघडायची. पेन्सिलीनं रिकाम्या जागा भरायची, मागच्या पानावर उत्तरं तपासायची, खोडायची, पुन्हा भरायची. रोज एक पान. मग मोठ्यानं म्हणायची : रेंका, हात. पालेत्स, बोट.

अकरा वर्षांनी माझ्या कानावर माझी भाषा आली, आणि आली ती अशी.

“पोलंडला पळून जातीस का काय?” बायका चिडवायच्या.

जाईबाई म्हणायची, “जाऊ दे की. मला बी घिऊन जा. तितं मशीनवर बसायला दुसरी कुणीतरी आसंल.”

“मावशी, तोवर तेवढं रबर सोडा. आणि कंस चिमट्यानं काढा.”

“चिमट्यानं तासाला तीनशे बी व्हत न्हाईत गं. रोहिदास वरडतोय.”

फेब्रुवारीत मी जाईबाईच्या बांगड्या फोडल्या. तिनं हात मागे घेतला होता, तरी मी दुसऱ्यांदा खाली येताना चार बांगड्या पकडल्याच. काचांचा चुरा झाला, तिच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ निघाला. सगळे धावले. आणि जाईबाई काय म्हणाली असेल? “माजाच हात रेंगाळला आसंल.”

अगदी प्रितमसारखं. मी मारतो आणि माणसं स्वतःलाच दोष देतात.

त्या दिवसापासून दीक्षा रोज दोन पानं करू लागली. सोनूला एका मांडीवर झोपवून दुसऱ्या मांडीवर पुस्तक. मार्चअखेर तिला मारेकचं सरळ अक्षर लागू लागलं. डाव्या हाताची पानं मात्र मे उजाडेपर्यंत लागली नाहीत. एका दुपारी माझ्या पाठीमागे बसून ती पुटपुटत वाचत होती, आणि मधेच तिचा आवाज थांबला.

मारेकनं लिहिलं होतं : ‘डाव्या हातानं लिहितोय. हा प्रेस सकाळी चांगला असतो. तिसऱ्या तासानंतर तापतो, ब्रेकची स्प्रिंग धरत नाही, मग तो दोनदा मारतो. उन्हाळ्यात, जाड पत्र्यावर, रोज. स्प्रिंग बदला म्हणून मी चार वेळा सांगितलं. चूक माझी नव्हती. हे वाचणाऱ्या, तुझे हात शाबूत असतील तर बटण सोड.’

दीक्षा वही घेऊन थेट प्रभाकर साहेबांच्या केबिनमध्ये गेली. काच उघडी होती, मला सगळं ऐकू आलं.

“मेकॅनिकनं बघितलंय की मशीन.”

“सकाळी सातला बघितलं, साहेब. थंड असताना. हा साडेदहानंतर मारतो.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“ज्याचा हात गेला त्यानं.”

साहेब हसले. “पोलिश शिकलीस म्हणे. अगं, परदेशी भाषेत लिहिलं म्हणून ते खरंच असतं का?”

“नसेल. म्हणूनच म्हणते, उद्या साडेदहाला या. पंधरा मिनिटं उभे राहा. काही नाही झालं तर मी ही वही भंगारात टाकते आणि मीही परत येत नाही.”

दुसऱ्या दिवशी शेडचा पत्रा नुसता पेटला होता. सकाळपासून जाड पत्र्याचं काम. साडेदहाला साहेब आले, पांढराशुभ्र शर्ट. दीक्षानं काठीला एक हातमोजा बांधला होता. त्याच्या पाचही बोटांत भेंड्या भरलेल्या.

“माज्या डब्यातल्या न्हाईत न्हवं?” जाईबाईनं विचारलं. कुणी हसलं नाही.

रबर सोडलं. जाईबाईनं दोन्ही बटणं दाबली. धाड! मी वर गेलो की दीक्षा काठीनं तो हात साच्यावर ठेवायची, तीनपर्यंत मोजायची, काढून घ्यायची. पुन्हा धाड. दहा वेळा. तीस वेळा. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. रोहिदास म्हणाला, “बास का आता?”

मित्रांनो, आयुष्यभर मी मारत आलो. मारायची इच्छा मला कधीच नव्हती. त्या दिवशी मात्र होती. सगळं तापलेलं लोखंड एकवटून मला मारायचं होतं. आणि नेमकी तेव्हा ती गंजकी स्प्रिंग मला वर धरून होती.

एकेचाळिसाव्या वेळेला जाईबाईचे हात बटणांवरून निघाले. तिनं ते पोटाशी धरले. दीक्षानं काठी पुढे केली. एक, दोन—

मी पडलो.

हातमोजा फाटला. भेंड्यांचा हिरवा चिकट लगदा साहेबांच्या शर्टावर, रोहिदासच्या गालावर उडाला. काठीचं टोक तुटून खिडकीच्या काचेवर आदळलं. माझं चाक तेवढं फिरत राहिलं.

जाईबाईनं स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि बोटं हलवून पाहिली. मग तिथेच खाली बसून ढसाढसा रडायला लागली. रोहिदासनं धावत जाऊन मेन स्विच ओढला.

“साहेब,” दीक्षा म्हणाली, “तो कागद बदला. निष्काळजीपणाचा.”

साहेबांनी शर्टावरचा लगदा पुसला नाही. मान हलवली. आठवड्यात तो कागद बदलला.

माझी स्प्रिंग आता कुठेच मिळत नाही. मला बाहेर, कुंपणाजवळ आणून ठेवलं. मी निघायच्या आदल्या दिवशी प्रितम आला. माझ्या थंड छातीवर त्यानं उजवा हात ठेवला, अंगठा आणि उरलेलं एक बोट. मग म्हणाला, “म्हणजे मी जागा होतो रे.”

दीक्षा सोबत पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आली होती. आधी तिनं माझ्या पितळी पट्ट्या पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून मोकळ्या केल्या. मग माझ्या कपाळावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वर माझ्या भाषेत : प्रासा बिये द्वा राझी. त्याखाली हिंदीत. त्याखाली मराठीत : हा प्रेस दोनदा मारतो. तिला भीती अशी की भंगारवाला मला तोडायचा नाही, विकेल. चाकणकडच्या एखाद्या शेडमध्ये मी पुन्हा उभा राहीन, पुन्हा मला हार घालतील, पुन्हा कुणीतरी ट्यूबचा तुकडा शोधेल.

सध्या मी भंगाराच्या ढिगात आहे. पाऊस झेलतो, गंजतो. गंजायला माझी हरकत नाही. भीती एकच आहे, माझ्यावर पुन्हा कुणी हिरवा रंग मारेल याची.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठं होऊन माझ्यासमोर उभं राहिलं, तर मला रंगवायच्या आधी वाचा. भाषा येत नसेल तर शिका. एका बाईला सात महिने लागले, जेवणाच्या सुट्टीत. आणि तोवर, आता करताय ना, तसेच हात मागे ठेवा. मोजून बघा बरं. दहा?

आता डबा उघडा.