रविवारशिवाय बघायचं नाही

सासरे सहा आठवड्यांसाठी नणंदेकडे निघाले, तेव्हा त्यांनी सुनेच्या हातात काचेची एक नळी ठेवली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर मुंग्या पाळायच्या नादी लागला होता. नळीच्या तळाशी पाणी, ते अडवायला कापसाचा बोळा, मधे नुकतीच पंख गाळलेली राणीमुंगी आणि तोंडाशी दुसरा बोळा. राणीने अकरा अंडी घातली होती. आधीच्या दोन वर्षांच्या दोन्ही राण्या पहिली कामकरी मुंगी जन्मायच्या आतच गेल्या होत्या.

"ही तरी जगू दे," ते म्हणाले. "खायला घालायचं नाही, हलवायचं नाही, रविवारशिवाय बघायचं नाही. अंधारात सोडलं की तिचं ती सगळं करते."

सुनेने मान डोलावली खरी, पण ती पडली काळजीखोर. पाच महिन्यांची लेक ठकू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना बघणारी. टेबलाच्या खणातली नळी तिने सोमवारीच बघितली. मंगळवारी दोनदा. मग पाळण्यापासून खणापर्यंत आणि खणापासून पाळण्यापर्यंत येरझाऱ्याच सुरू झाल्या. गुरुवारी राणी मलूल वाटली, म्हणून तिने नळी खिडकीच्या उजेडात धरली. अंडी नऊच भरली. शनिवारी सात. आपलंच मोजणं चुकतंय म्हणून तिने सासऱ्यांचं भिंग आणलं. रविवारी, म्हणजे हक्काच्या दिवशी, चार उरली होती आणि पाचवं राणीच्या तोंडात होतं.

तिने तडक फोन लावला. सासरे रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. किती वेळा बघितलंस, एवढंच त्यांनी विचारलं. चार-पाचदा, ती म्हणाली, आणि जरा थांबून पुढे जोडलं, दिवसाला. त्यावर ते हसलेच. सारखा उजेड आणि हादरे बसले की राणीला वाटतं ही जागा धड नाही, मग ती आपलीच अंडी खाते, असं त्यांनी समजावलं.

"आधीच्या दोघी कशा गेल्या वाटतं तुला? मीही असाच बघायचो. आता ती नळी अशा कुणाकडे दे, ज्याला बघायची हौसच नाही."

असं माणूस घरात एकच होतं. सासूबाईंचं मुंग्यांशी हाडवैर. मधाची बरणी त्या कायम पाण्याच्या ताटलीत ठेवत. त्यांनी नळी फडक्यात गुंडाळली, लोकरीच्या पेटीत तळाशी घातली, वर गुंडे रचले, पेटी कपाटात सरकवली आणि कपाटासमोर खुर्ची टाकून विणायला बसल्या.

"यांच्या मुंग्यांचं तोंड बघायची मला काही हौस नाही," त्या म्हणाल्या. "आणि झोपल्या पोरीच्या नाकाशी पुन्हा बोट नेलंस, तर तुलाही पेटीत घालीन."

पहिले काही दिवस सून उगाचच त्या खोलीतली धूळ पुसत राहिली. सासूबाई खुर्ची सोडीनात. मग एका दुपारी ठकूपाठोपाठ तिचाही डोळा लागला. दचकून उठून बघते तर ठकू पाळण्यात पायाचा अंगठा चोखत मजेत पडलेली.

सासरे परतले ते बूट न काढताच कपाटाकडे गेले. सासूबाईंनी पेटी उपसली. राणी ठणठणीत होती, आणि तिच्याभोवती सात कामकरी मुंग्या, तिळाहून लहान, फिकट, अजून पायांवर नीट न सावरलेल्या. मागून तिने पुन्हा अंडी घातली होती तर. सासरे नुसता चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी नळी सुनेपुढे धरली.

"घे, आता बघ पोटभर."

सुनेने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आज बुधवार आहे, बाबा."

मग सासूबाईच वाकल्या. केवढ्याशा आहेत, असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि नवऱ्यावर डाफरल्या, की आता यांना खायला कोण घालणार, का जन्मभर उपाशीच ठेवायचा बेत आहे? काडीच्या टोकावर मधाचा थेंब पुरेल, ते म्हणाले. सून उठेपर्यंत सासूबाई स्वयंपाकघरात पोचल्याही होत्या, पाण्याच्या ताटलीतून बरणी उचलायला.