पोरीचं पाणी

वादळाच्या आदल्या दिवशी सुनेने इतर शंभर कामं टाकली, पण एक काम नेटाने केलं. तोटीचं स्टीलचं पिंप घासूनपुसून लख्ख केलं, पाणी खळखळ उकळून, निववून त्यात भरलं आणि झाकण दाबून बसवत सासऱ्यांना बजावलं, "बाबा, हे पोरीचं पाणी. आपल्याला विकतचा जार आहे. याला हात लावायचा नाही."

"नाही लावत बाई," सासरे म्हणाले. आणि स्वतःची तहान भागवायला खरंच कधी लावला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पोरगी जेमतेम सहा महिन्यांची, बाटलीच्या दुधावरची. गेल्याच महिन्यात जुलाबांनी दवाखान्यात पडून आली होती, नुसतं कातडं नि हाडं. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना आडपडदा ठेवला नव्हता. "पुन्हा असं झालं तर हिला झेपणार नाही," एवढंच बोलल्या. ते वाक्य सुनेच्या छातीत जे रुतून बसलं ते बसलंच.

नवरा वायरमन. पडलेले खांब उभे करायला गेला तो तिकडेच अडकला. फोन मुका, दिवे नाहीत, खाली गल्लीत कमरेएवढं पाणी. अशात वॉचमन जिन्यातून बोंबलत गेला, "खालच्या टाकीत गटार शिरलंय हो! दिवे जायच्या आधी तेच पंपाने वर चढलंय! नळाचं पिऊ नका कुणी!" सुनेला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आपलं पिंप आहे.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांची हयात ट्रकवर गेली. गाडी थांबली की आधी रेडिएटरमध्ये पाणी, मग स्वतःचा चहा. गाडी तहानलेली ठेवली तर घाटात उभी राहते, हे त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्त झाले तरी हात काही निवृत्त झाला नाही. घरातलं कुठलंही भांडं अर्धं दिसलं की यांच्या जिवाची तगमग. बादली भर, जग भर, शेजारणीची कुंडीसुद्धा भर. सगळे त्यांना ‘टाकीफुल’ म्हणून चिडवायचे आणि तेही मिशीत हसायचे.

वादळाच्या चौथ्या दिवशी सकाळी पोरीला दूध पाजून सुनेने तिला झोपवलं. पिंपात किती उरलंय बघावं म्हणून झाकण उचललं. तिच्या हिशेबाने पाणी तळाला जायला हवं होतं. बघते तर काय, पिंप काठोकाठ भरलेलं!

झाकण हातात तसंच धरून ती वळली.

"बाबा! यात पाणी कुणी घातलं?"

"मीच," सासरे उत्साहाने म्हणाले. "रोज थोडं थोडं टाकतोय. पोरीला कमी पडायला नको."

"कुठलं पाणी?"

"नळाचं. दुसरं कुठलं असणार?"

"अहो, वॉचमन एवढा ओरडत होता ना!"

"ओरडला ना. पिऊ नका म्हणाला. मी कुठं पाजलं? उकळलेल्यात तर मिसळलं..." बोलता बोलता त्यांचाच आवाज खाली आला. चेहऱ्यावरचा रंग उडाला. "त्याने होत नाही का चांगलं?"

सुनेने झाकण तिथेच टाकलं. ती धावत पोरीजवळ गेली. कपाळाला हात लावला, पोटाला लावला, लंगोट उघडून बघितला. कोरडा. पण आत्ताच तर प्यायली होती! आणि काल? परवा? किती बाटल्या गेल्या पोटात, देव जाणे. पोरगी ओठ चोखत झोपेत हसली आणि ते हसू बघून तर सुनेला भडभडून आलं.

पण रडत बसून चालणार नव्हतं. जारचं पाणी तरी उकळून ठेवावं म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

सासरे पिंपासमोर फरशीवर बसले होते. तोटीखाली पेला धरायचे, घटाघटा प्यायचे, पुन्हा धरायचे. सदऱ्यावर सगळं सांडलेलं.

"बाबा, काय करताय!" तिने पेला हिसकावून घेतला.

"पिऊ दे मला," ते म्हणाले. मिशी थरथरत होती. "पोरीच्या पोटात गेलंय ना, माझ्याही जाऊ दे. काय व्हायचं ते आधी माझं होईल. तुला वेळेवर कळेल तरी."

"डोकं फिरलंय का तुमचं?" ती ओरडली. इतक्या वर्षांत सासऱ्यांवर आवाज चढवला नव्हता, तो आज चढला. "खाली कमरेएवढं पाणी आहे. हे घरी नाहीत. दोघांनाही एकदम झालं तर मी दवाखान्यात कुणाला उचलून नेऊ? मला हात दोनच आहेत हो!"

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "त्यात विचारायचं काय, बाई? पोरीला उचलायचं."

तेवढ्यात आतून पोरगी किंचाळून रडायला लागली. भुकेचं रडणं आईला ओळखू येतं. हे भुकेचं नव्हतं.