धाकट्याचे सापळे

धाकट्या भावाने पेरूच्या बागेत फळमाशीचे सापळे लावले, तेव्हा ताईने नुसतं नाक मुरडलं. सापळे वाईट नव्हते, तिच्याही बागेत होते. पण याने सगळेच्या सगळे फाटकाजवळच्या रांगेत टांगले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून. मागच्या झाडांखाली फळं सडून चिखल झाला होता आणि त्यात अळ्या सुखाने नांदत होत्या. ताईने एकदा समजावलं होतं, की गंधाला भुलून डब्यात जातात ते फक्त नर. फळाला टोचून अंडी घालणाऱ्या माद्या मोकळ्याच राहतात, म्हणून पडलेली फळं वेचून पुरावीच लागतात. त्यावर साहेब म्हणाले, वाकायला मजूर असतात. मजूर मात्र त्याने ठेवलेच नव्हते. नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस बागेत माशांची पैदास करत होता, आणि दोघांच्या बागांमध्ये होतं फक्त तारेचं कुंपण.

पुढे त्याने आसपासच्या बागायतदारांना सापळे बघायला बोलावलं. भावजयीला मदत म्हणून ताई पाण्याचे पेले घेऊन उभी होती. त्याने एक डबा कागदावर उपडा केला. मेलेल्या माशांचा ढीग पडला आणि हा असा फुगला, जणू वाघच मारलेत.

"एवढ्या माशा येतात कुठून?" एका म्हाताऱ्या बागायतदाराने विचारलं.

भाऊ बिनदिक्कत म्हणाला, "शेजारून. ताई जुन्या वळणाची, तिला यातलं शास्त्र कळत नाही."

ताईने पेले खाली ठेवले. मागच्या झाडाखालून एक फळ उचलून आणलं, सगळ्यांदेखत फोडलं आणि भावाच्या तळहातावर ठेवलं. पांढऱ्या अळ्या टुणटुण उडाल्या. एक त्याच्या इस्त्रीच्या बाहीवर पडली.

"या माझ्याकडून चालत आल्या का रे?"

त्याने बाही झटकली आणि जराही न अडखळता सांगितलं, की म्हणूनच तर सापळे दुप्पट करायला हवेत. तो निदान मान खाली घालेल, असं ताईला वाटलं होतं. लाजेपुरतीही जागा त्याच्यात उरली नव्हती. तिला राग आला नाही, कीवही आली नाही. आली ती फक्त किळस.

पाहुणे गेल्यावर भावजय टोपली घेऊन मागे गेली आणि फळं वेचू लागली. ताईही वाकली. दोघींनी खड्डा खणला, फळं पुरली, वर माती दाबली. तरी त्या हंगामात त्याचं निम्मं पीक मातीत गेलं, ताईचंही थोडं नासलं.

भावाचं काही बिघडलं नाही. ताई आणि भावजयही सभासद असलेल्या बागायतदारांच्या संघाने मतदान घेऊन त्यालाच अध्यक्ष निवडलं. बोलायला बरा आहे, म्हणे. तो ताईला मुद्दाम सांगायला आला.

"माझं मत तुला नव्हतं," ताई म्हणाली, "तुझ्या बायकोचंही नव्हतं."

आणि कात्री घेऊन ती फांद्या छाटायला निघून गेली.