माझ्या पाठीला निळा रंग

मित्रांनो, मी एक जुनी माशांची पेटी आहे आणि मध्यंतरी माझे डोके पार फिरले होते. कारण ऐकलेत तर तुमचेही फिरेल.

कांदिवलीतल्या एका लहानशा घरात, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत खिडकीएवढे भोक पाडून मला बसवले. एक काच हॉलकडे, दुसरी ओट्याकडे. माझ्यात राहतो राजाराम, एक लठ्ठ सोनेरी मासा. त्याचे नाव रत्नप्रभाबाईंनी ठेवले आणि त्याला खायलाही त्याच घालत. कुकरची शिट्टी झाली की झाकण उघडते, हे राजारामला पाठ. शिट्टी ऐकताच तो ओट्याकडच्या काचेला तोंड लावून उभा! गुडघ्यांमुळे बाईंचे बाहेर जाणे कमी झालेले. ओट्याजवळ स्टुलावर बसून भाजी चिरता चिरता त्या त्याच्याशीच बोलत. यजमान चंद्रप्रकाश हॉलमध्ये टीव्हीपुढच्या खुर्चीत.

गणपती जवळ आले की या घराला रंगाचा झटका येतो. यंदा भिंती झाल्या, दारे झाली आणि डब्याच्या तळाशी निळा ऑइलपेंट उरला. तो फुकट कसा घालवायचा? बाई भाजी आणायला खाली गेल्या होत्या, तेवढ्यात यजमानांनी राजारामला बादलीत सोडले आणि ओट्याकडची काच बाहेरून निळीशार करून टाकली. अहो, ती माझी पाठ, हे तुम्हाला सांगितले कोणी? ओट्याशी उभ्या माणसाला विचारा, तेच माझे तोंड!

बाई परत आल्या आणि पिशवी हातात धरूनच थबकल्या. "अहो, आता माका राजाराम खयसून दिसतलो?"

"अगो, पावण्यांका पाण्यातसून तुझो कुकर दिसता. बरा दिसता तां?"

बाईंनी पाठ फिरवून पिशवीतली भाजी निवडायला घेतली. मला त्याचाच जास्त राग आला. त्यांनी रुसून माझ्या झाकणाला हात लावणे सोडले. खाणे घालायचे काम यजमानांकडे गेले, म्हणजे टीव्हीच्या नादात निम्म्या वेळा राहूनच गेले. राजाराम शिट्टी झाली की निळ्या काचेवर तोंड आपटायचा. तोंडावर चट्टा पडला, घातलेले खाणे तळाशी कुजू लागले. हा आता जगत नाही, असे मला वाटू लागले.

गणपतीत भांडुपहून त्यांची मुलगी दिशा आली. "बाबा, रंग झकास आहे, पण राजाराम पाठ करून का बसलाय? नुसती शेपटीच दिसते ना!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुकर लपवायला गेले आणि पाहुण्यांना दाखवली शेपटी!

तेवढ्यात आत वरणाच्या कुकरने शिट्टी दिली. राजाराम उसळला आणि निळ्या काचेवर आपटला. यजमान उठले, स्वयंपाकघरात गेले आणि उलथने घेऊन रंग खरवडू लागले. घावनाएवढी काच मोकळी झाल्यावर ते बाईंच्या स्टुलावर टेकले आणि वाकून बघू लागले.

"अगो, हयसून तर माझी खुर्ची दिसता!"

"मग? इतकी वरसां मी नुसतो मासोच बघत होतंय काय?"

यजमानांनी उरलेला रंग खरवडायला घेतला.

तर मित्रांनो, आमचे पाणी बदला, काचा पुसा, ते हवेच. पण कोणाचीही पाठ रंगवण्याआधी एकदा पलीकडे जाऊन उभे राहा. तिथे कोणीतरी असते.

राजाराम आता पोटभर खातो. एका कोपऱ्यात थोडा निळा रंग अजून आहे. बाईच म्हणाल्या, "ऱ्हवांदे तो." त्या बाजूला खरेच कुकर असतो.